फोर्मोसा कोणाची?

सगळा घोळ एका वेलांटीने केला. उज्जैनच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी वादविवाद असायचा आणि त्या वर्षी, म्हणजे सन पंचावन्नला, भय्यासाहेबांनी विषय काढला होता फोर्मोसाचा. चीनच्या किनाऱ्यासमोरचं ते बेट. पेकिंगचं लाल सरकार म्हणत होतं आमचं, लढाई हरून तिथे जाऊन बसलेला चँग कै-शेक म्हणत होता आमचं, आणि दोन्हीकडून तोफा धडधडत होत्या. पेपर उघडला की तेच. तर बोर्डावर लिहायचं होतं, 'फोर्मोसा कोणाचा?' देवास गेटच्या पेंटरने झोकात, लाल अक्षरांत, खाली पिवळी सावली वगैरे देऊन लिहिलं, 'फोर्मोसा कोणाची?'

टांग्यातून बोर्ड उतरला आणि भय्यासाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. "कोणाची? अरे, कोणाची काय कोणाची! फोर्मोसा काय बाई आहे?"

"पेंटरला तसंच वाटलं," माणिक म्हणाली. बोर्ड सांगायला आणि आणायलाही तीच गेली होती. "म्हणाला, किसकी है करके दो आदमी लड रहे हैं, तो बाई ही होगी."

भय्यासाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, माणिकचे मोठे दीर, आणि फ्रीगंजातल्या यच्चयावत मराठी माणसांच्या व्याकरणाचे कोतवाल. "पुसून घे आत्ताच्या आत्ता," म्हणाले. पण रंग ओला होता, पुसायला गेलं असतं तर सगळंच फासलं गेलं असतं, आणि पेंटर बोर्ड देऊन सासुरवाडीला निघून गेला होता. शेवटी बोर्ड तसाच टांगला. टावर चौकाकडून येणारे-जाणारे वाचायचे आणि विचारायचे, "भिया, ये फोर्मोसा कौन है?" पोरं फिदीफिदी हसायची.

माणिकला हसू आलं नाही. पेंटरने चूक केली असं तिला वाटतच नव्हतं.

तिचा नवरा वसंत विषमज्वराने गेला त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ती त्या घरात होती म्हणजे काय, तर हाकेला होती. माणिक, चहा. माणिक, देवाचं पाणी. माणिक, पोरांचे पाढे घे. मॅट्रिक ती आधीच झालेली होती, मग मास्तरणीचं ट्रेनिंगही केलं. घरच्यांनी करू दिलं, कारण बिचारीचं मन रमतं. मन रमायला केलेल्या त्या ट्रेनिंगवर तिला श्रावणात खरीखुरी नोकरी लागली! आगर गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, शाळेच्या आवारातच राहायला एक खोली, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं. नाही झाली तर जागा दुसरीला. तिने जेवताना सांगितलं तेव्हा भय्यासाहेब ताटातून मान वर न करता म्हणाले, "बघू." त्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

आणि हेच भय्यासाहेब रोज सकाळी ओट्यावर पेपर घेऊन काय गर्जायचे ते ऐकण्यासारखं होतं. प्रांतांची फेररचना होणार, कमिशनचा रिपोर्ट येणार, मध्यभारत मोडून कुठल्याशा मोठ्या प्रांतात घालणार, अशी गावभर कुजबुज होती. भय्यासाहेबांची उमर ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत गेलेली. त्यांचा नुसता संताप संताप व्हायचा.

"आधी ग्वाल्हेर विलीन केलं! आम्ही गिळलं. आता मध्यभारतही विलीन करून राहिलेत! अरे, आम्हाला विचारलं का कुणी? आम्ही माणसं आहोत का बटाट्याचं पोतं, की इकडून उचललं आणि तिकडे टाकलं?"

चहाचा कप हातात घेऊन माणिक दारात उभी होती. तिला वाटलं, वा! हे बरोबर बोलताहेत. ज्याला हे कळतं त्याला आपलंही कळेल. वेडी आशा, दुसरं काय. कप खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "भय्यासाहेब, आगरच्या नोकरीचं…"

"त्यात तुला काय विचारायचंय?" ते म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

गौरी जेवायच्या दिवशी इंदूरहून तिचा भाऊ दत्तात्रय आला. माणिकला वाटलं, दादा आपली बाजू घेईल. लहानपणी कैऱ्या चोरायला तिला झाडावर चढवणारा हाच. दादाने पाय धुतले, गौरींना नमस्कार केला, जेवायला बसला आणि दुसऱ्या पोळीला म्हणाला, "भय्यासाहेब, मी जयूला न्यायला आलोय. अलकाचे दिवस भरत आले. घरात बाईमाणूस नाही."

अलका ही त्याची बायको, आणि जयू म्हणजे माणिकच. माहेरची जयू. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात, तसं वसंताने माणिक लिहिलं आणि त्या दिवसापासून जयू फक्त इंदुरात राहिली.

"माणिक या घरची सून आहे," भय्यासाहेब म्हणाले. "वसंत गेला म्हणून नातं गेलं का? दुर्गाचे गुडघे धरलेत. हे घर कोण बघणार?"

"माझी पाठची बहीण आहे ती."

"होती. कन्यादान केलंत ना? दिलेलं परत मागायची पद्धत इंदुरात असेल, उज्जैनीत नाही."

"इथे चुलीपुढे जळून चालली ती! बघवत नाही आम्हाला."

"आणि तुमच्याकडे काय झोपाळ्यावर बसवणार आहात?"

माणिक आत पुरण वाटत होती. दोघांचे आवाज चढले. तूप तसंच राहिलं. तेव्हा दुर्गावहिनी, भय्यासाहेबांची बायको, वाढता वाढता सहज म्हणाली, "अहो, पण तिला ती आगरची नोकरी लागलीये ना?"

मग भय्यासाहेब म्हणाले, "नोकरीचा प्रश्नच येत नाही." आणि दत्तात्रय म्हणाला, "छे छे, नोकरीचा प्रश्नच नाही. त्यावर आपलं दुमत नाहीच." दोघं हसले. दत्तात्रयाने तूप मागितलं, भय्यासाहेबांनी आग्रह करून पोळी वाढायला लावली. इतका वेळ एकमेकांच्या नरड्याला लागलेली माणसं, बघता बघता पंगतीत मांडीला मांडी लावून खुशीत जेवायला लागली!

माणिकचा वरवंट्यावरचा हात थांबला. तिच्या डोक्यात लख्खकन चमकलं की हे आपण कुठेतरी वाचलंय. नुसतं वाचलंच नाही, लिहिलंयसुद्धा. भय्यासाहेबांच्या भाषणाचे मुद्दे तिनेच तर वाचनालयात बसून, जुनी मासिकं उपसून काढले होते. पेकिंग म्हणतं चीन एक आणि बेट त्याच्यातलं. चँग म्हणतो चीन एक आणि बेट त्याच्यातलं. दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत, पण या एका गोष्टीवर त्यांचं पक्कं एकमत. आणि बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं? त्यांच्यातले काही म्हणत होते, आमचं आम्हाला राहू द्या, निदान विचारा तरी. तेही तिने लिहिलं होतं. भय्यासाहेबांनी ते वाचून लाल पेन्सिलीने काट मारली होती. "हे नको. याने मुद्दा पातळ होतो."

पातळ होतो! तिने वरवंटा असा काही ओढला की पुरणाचा गोळा पाट्यावरून खाली गेला. तिने तो उचलला, पुसला आणि तसाच भांड्यात टाकला. खाऊ दे त्यांना.

वादविवादाच्या संध्याकाळी आरती झाली आणि हॉल गच्च भरला. पुरुष समोर, बायका डावीकडे खांबामागे सतरंजीवर. अध्यक्षस्थानी कॉलेजातले प्राध्यापक शरच्चंद्र. सभ्य माणूस, कुणाला दुखवायचं नाही हाच त्यांचा पक्ष. बोर्ड त्यांच्या डोक्यावरच टांगलेला होता. भय्यासाहेब पेकिंगच्या बाजूने उभे राहिले, आणि पाहुणे म्हणून दत्तात्रयाला दिली चँगची बाजू.

भय्यासाहेबांचं वक्तृत्व म्हणजे काय विचारता! "साठ वर्षांपूर्वी जपानने हे लेकरू आईच्या मांडीवरून ओढून नेलं. आता लेकरू सापडलं. सापडलेल्या लेकराला कुणी विचारतं का, की बाळा, तुला कुठे जायचंय? त्याला उचलतात आणि घरी नेतात!" टाळ्याच टाळ्या. मग दत्तात्रय उठला. "घर कुठलं? ज्या घरात दरोडेखोर शिरलेत ते? लेकरू खऱ्या बापाजवळ आहे, तिथेच राहील!" त्यालाही टाळ्या. इंदूरचा असला म्हणून काय झालं, बोलला छान, असं लोक म्हणाले.

माणिक खांबामागे बसून ऐकत होती. तिचे कान तापले होते. लेकरू, आई, बाप. एकाच्याही तोंडून त्या बेटावरच्या माणसाचा 'म' निघाला नाही.

शेवटी शरच्चंद्र सरांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, "सभेतून कुणाला दोन शब्द बोलायचेत?" हे फक्त विचारायचं असायचं. मग कुणी बोलायचं नाही, हात वर करून मतं घ्यायची आणि प्रसाद वाटायचा.

"मला बोलायचंय," माणिक म्हणाली आणि उभी राहिली.

सगळ्या माना डावीकडे वळल्या. बायकांच्या बाजूने कुणी बोलल्याचं त्या हॉलला माहीत नव्हतं. शरच्चंद्र सर गडबडले, पण सभ्य माणूस नाही म्हणणार कसं? "हं… बोला, वहिनी. थोडक्यात."

"थोडक्यातच सांगते. फोर्मोसाला दोघं मागताहेत. पण ती काय म्हणते ते…"

"तो," सर मऊपणे म्हणाले. "किंवा ते. ते बेट."

"सर, बोर्डावर कोणाची लिहिलंय. मी बोर्डाप्रमाणे बोलते." हॉलमध्ये खसखस पिकली. माणिक थांबली नाही. "साठ वर्षांपूर्वी चीन लढाई हरला आणि याच चीनने तिला जपानला देऊन टाकलं. कुणी ओढून नेलं नाही, सही करून दिलं. तेव्हा तिला विचारलं नाही. दहा वर्षांपूर्वी जपान हरला, तिला परत उचलली, चँगच्या हातात दिली. तेव्हाही विचारलं नाही. सत्तेचाळीस साली, आपण इकडे झेंडे लावले ना, त्याच वर्षी तिथली माणसं रस्त्यावर आली, म्हणाली, आमचा कारभार आम्हाला बघू द्या. त्यांना गोळ्या घातल्या. हजारोंनी मेली माणसं. हे मी भय्यासाहेबांना लिहून दिलं होतं. त्यांनी काट मारली."

भय्यासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. हसू थांबलं होतं.

"फोर्मोसा हे नावसुद्धा तिचं नाही. तिच्या जवळून जाताना पोर्तुगीज खलाशांना ती सुंदर दिसली, म्हणून ठेवून दिलं. तिथे तिला तैवान म्हणतात. पण येणारा आपलं नाव ठेवतो, आणि तिने त्या नावाला ओ द्यायची. एक म्हणतो, आमच्या घरात बाळंतपण आहे, ये. दुसरा म्हणतो, आमच्याकडे रांधायला कोणी नाही, कुठे निघालीस?"

"आं? रांधायला?" मागून कुणीतरी म्हणालं. मग पुढच्या रांगेत एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. बायकांच्या बाजूला एकीने तोंडाला पदर लावला. कळलं. आता सगळ्यांना कळलं.

"दोघं भांडतात," माणिक म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला होता, पण ती बोलतच राहिली, "खूप भांडतात हो! पण तिने म्हटलं ना, की मला माझी एक खोली आहे, माझं काम आहे, मी माझी राहीन, की दोघांचं भांडण मिटलं! लगेच मांडीला मांडी! परवा ओट्यावर भय्यासाहेब म्हणत होते, मध्यभारत विलीन करताना आम्हाला विचारलं का? आम्ही काय बटाट्याचं पोतं आहोत? बरोबर म्हणाले, शंभर वेळा बरोबर. मग पोतं कोण आहे? मी आहे?"

"माणिक! खाली बस!" भय्यासाहेब ओरडले.

"जयू, गप बस आधी!" त्याच क्षणी दत्तात्रय ओरडला.

दोन्ही नावं एकदम हॉलभर घुमली. माणिकने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "ऐकलंत सर? नाव काय ते ठरत नाही. पण गप बसवायला दोघंही तयार."

मागच्या रांगेतून एक टाळी वाजली आणि एकटी पडून थांबली. "घरचं धुणं इथे कशाला?" कुणीतरी पुटपुटलं. शरच्चंद्र सरांनी घसा खाकरला आणि मतं घ्यायला सांगितली. पेकिंगच्या बाजूने हात वर करा. आता चँगच्या बाजूने.

"आणि तिच्या बाजूने?" माणिक उभीच होती.

"वहिनी, तशी… तशी तिसरी बाजू विषयात नाहीये हो," सर म्हणाले. अगदी मनापासून वाईट वाटून म्हणाले. तेच तर! वाईट सगळ्यांनाच वाटतं. पेकिंग जिंकलं, भय्यासाहेबांना हार-नारळ मिळाला आणि पोरांनी प्रसाद वाटला.

त्यानंतर विसर्जनापर्यंत घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. चहा मात्र मागितला. दत्तात्रय इंदूरला परत गेला नाही, अलकाला शेजारणीच्या भरवशावर ठेवून, नेल्याशिवाय जायचं नाही म्हणून हट्टाने बसून राहिला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेटी भरली तेव्हा दुर्गावहिनी भिंतीला धरत धरत आली. माणिकला वाटलं, आता ही तरी डोक्यावर हात ठेवेल.

"माझ्या गुडघ्यांचं काय गं?" वहिनी म्हणाली.

हे लागलं. भय्यासाहेबांच्या साऱ्या आरड्याओरड्यापेक्षा जास्त लागलं. कारण वहिनीचे गुडघे खरंच दुखत होते आणि वहिनीलाही कुणी कधी काही विचारलं नव्हतं. माणिकचे डोळे भरले, पण रागही तेवढाच आला. "ते मला नका विचारू, वहिनी. पंगतीला बसतात त्यांना विचारा. हात सगळ्यांनाच आहेत." तिने वाकून नमस्कार केला. वहिनीने पाय मागे घेतले नाहीत, एवढंच.

देवास गेटला आगरची बस लागलेली होती. टपावर पोती, कोंबड्यांची खुराडी, सायकल. माणिकने तिकीट काढलं आणि पेटी चढवायला वळली, तो मागून टांगा येऊन थांबला. भय्यासाहेब टोपी सावरत उतरले. त्यांनी काही न बोलता पेटीची एक कडी धरली.

"घरी चल. गावात शोभा पुरे झाली."

"घरी नाही, इंदूरला!" दत्तात्रय दुसऱ्या बाजूने धावत आला. त्याने इंदूरच्या बसमध्ये जागा धरून ठेवली होती. त्याने दुसरी कडी धरली. "जयू, चल. बस सुटतेय."

"सोडा ती कडी."

"तुम्ही सोडा आधी."

भर रस्त्यात दोन मोठी माणसं लोखंडी पेटी ओढायला लागली. एक टांग्याकडे, एक इंदूरच्या बसकडे. पेटी हिंदकळली. आत तिची पाटी होती, वसंताचा फोटो होता, तिच्या परीक्षांचे कागद होते, सगळं खडखडलं. चणेवाला हातगाडी थांबवून बघत राहिला. माणिक मध्ये उभी होती आणि दोघांपैकी एकही तिच्याकडे बघत नव्हता. दोघंही पेटीकडेच बघत होते.

आगर बसचा कंडक्टर टपावरून वैतागून खाली ओरडला, "अरे भाई, टाइम हो गया! पेटी किसकी है?"

"हमारी है!" दोघं एका आवाजात म्हणाले.

कंडक्टर कपाळाला हात लावून खाली उतरला. त्याने भय्यासाहेबांकडे पाहिलं, दत्तात्रयाकडे पाहिलं. "आगर का टिकट है आप के पास? नहीं? आप के पास? नहीं?" मग त्याने मधल्या बाईला पहिल्यांदा नीट पाहिलं. "बाई, आप बताओ. किसकी है?"

साऱ्या जन्मात माणिकला हे कुणी विचारलं नव्हतं. तिने घामाने ओलं झालेलं तिकीट पुढे केलं.

"मेरी," ती म्हणाली.

"तो छोडो ना, साब," कंडक्टर दोघांना म्हणाला, आणि पेटी त्यांच्या हातून काढून त्याने टपावर चढवली.